एकेक करून वेचणारा देव

शास्त्रपाठ : यशया २७:१२-१३, रूथ २:१५-१८, लूक १३:६-९, याकोब ५:४-८



यशया संदेष्ट्याच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी दोन लहान वचने आहेत. उपदेशासाठी ती फारशी निवडली जात नाहीत. त्यांचा आशय असा : एक दिवस येईल, त्या दिवशी परमेश्वर फरात नदीच्या प्रवाहापासून मिसरच्या ओढ्यापर्यंत पिकाची झोडणी करील आणि इस्राएलाची विखुरलेली लेकरे एकामागून एक वेचून घेतली जातील. लगेच पुढच्या वचनात एका मोठ्या कर्ण्याचा उल्लेख येतो. अश्शूर देशात हरवलेले आणि मिसरात हाकून दिलेले लोक त्याचा नाद ऐकून परत येतील आणि यरुशलेमेतील पवित्र डोंगरावर परमेश्वरापुढे नमन करतील, असे ते अभिवचन आहे.

हे वचन कोणत्या दिवसांच्या छायेत उभे आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन नगर पडले आणि उत्तरेचे राज्य संपले. जिंकलेली प्रजा उपटून दूरदूरच्या प्रांतांत विखरून टाकणे ही अश्शूरच्या राजांची राजनीती होती. शोमरोनातून सत्तावीस हजारांहून अधिक माणसे आपण नेली, असे सार्गोन राजाने आपल्या शिलालेखात अभिमानाने कोरून ठेवले आहे. त्या आकड्यात एकाही माणसाचे नाव नाही. राजाला लुटीची बेरीज हवी होती, ती त्याने केली. संदेष्ट्याच्या मुखाने परमेश्वर त्या बेरजेला उत्तर देतो : ज्यांना घाऊक नेले, त्यांना मी एकेक करून परत आणीन.

झोडणी आणि वेचणी

भाषांतरकाराच्या मेजावर प्रत्येक शब्दाला क्षणभर थांबवून त्याची चौकशी करावी लागते. या वचनातील दोन इब्री क्रियापदे अशी थांबवण्याजोगी आहेत. पहिले ‘खाबट’, म्हणजे काठीने झोडून फळ वा दाणा मोकळा करणे. दुसरे ‘लाकट’, म्हणजे वाकून, हाताने उचलून गोळा करणे.

मोठ्या खळ्यावरच्या मळणीचे चित्र ‘खाबट’ या शब्दात नाही. खळ्यावर बैल फिरत आणि जड मळणीयंत्र धान्यावरून ओढले जाई. जैतुनाच्या फांद्यांना काठी लावून फळे पाडण्याविषयी अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात जे क्रियापद येते, ते हे. शत्रूच्या भयाने द्राक्षकुंडात लपून मूठभर गहू झोडणाऱ्या गिदोनाच्या कथेतही तेच येते. यशयाच्या पुढच्याच अध्यायात तर एक सुंदर दाखला आहे : शहाणा शेतकरी जिऱ्यासारख्या नाजूक पिकावरून गाड्याचे चाक फिरवीत नाही, त्याला तो हलक्या काठीने झोडतो. जसे पीक, तशी त्याची रीत. ही समज शेतकऱ्याला देवानेच दिली, असे संदेष्टा सांगतो.

आता रूथच्या पुस्तकाकडे वळू. दुसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात ती परदेशी, तरुण विधवा संध्याकाळपर्यंत बवाजाच्या शेतात सरवा वेचते आणि मग वेचलेले झोडते. तेथे हीच दोन क्रियापदे आहेत : ‘लाकट’ आणि ‘खाबट’. सरवा म्हणजे कापणाऱ्यांच्या हातून निसटलेली, मागे राहिलेली कणसे. ज्याचे स्वतःचे शेत नाही, ज्याला विळा चालवण्याचा अधिकार नाही, त्याने वाकून करण्याचे हे काम होते. गरिबाचे, उपऱ्याचे, विधवेचे काम.

बंधुभगिनींनो, यशयाच्या वचनाचे सामर्थ्य येथे आहे. सर्व पृथ्वीचा धनी, ज्याच्या शब्दाने राज्ये उठतात आणि पडतात, तो आपल्या लोकांना गोळा करण्यासाठी येतो तेव्हा रूथच्या पद्धतीने येतो. तो वाकतो. तो बोटांनी उचलतो. जे इतरांच्या हातून निसटले, तेच त्याचे पीक आहे.

मेळघाटातील बाग

वेचणीचे हे काम पाहण्याची, किंचित करण्याचीही, संधी मला गेल्या डिसेंबरात मिळाली. गाझियाबादेहून आगगाडीने नागपूर, तेथून अमरावती, मग परतवाडा आणि पुढे घाटातून चिखलदरा असा तो प्रवास होता. चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेले आहे. कॉफी म्हटली की आपल्या मनात कर्नाटकातील कोडगू वा चिक्कमगळूरुचे डोंगर येतात, आणि ते योग्यच आहे, कारण देशातील बहुतेक कॉफी तेथे पिकते. परंतु आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते, आणि त्यासाठी चिखलदऱ्याचे नाव घेतले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पवित्र शास्त्रात कॉफीचा उल्लेख नाही. येमेनच्या डोंगरांत पंधराव्या शतकात तिचे पेय रूढ झाले आणि पुढे बाबा बुदन नावाच्या फकिराने सात बिया लपवून भारतात आणल्या, अशी परंपरागत कथा आहे. तेव्हा यशयाला हे झाड माहीत असण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्याने सांगितलेली रीत मात्र या झाडाखाली आजही जिवंत आहे.

मी ज्या लहान बागेत गेलो, तेथे उंच वृक्षांच्या दाट सावलीत कॉफीची झुडपे होती. रासायनिक खत नाही, विषारी फवारणी नाही. गळलेला पाला, शेण आणि कॉफीच्या फळांची सोललेली साले कुजवून तेच खत झाडांच्या बुंध्याशी परत जात होते. वेचणारे बहुतेक कोरकू होते आणि त्यांत स्त्रिया अधिक होत्या. कंबरेला कापड बांधून त्याची ओटी केलेली. डावा हात फांदी वाकवी आणि उजवा हात फळ टिपी. वऱ्हाडातील कापसाची वेचणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही ओटी परिचित वाटेल.

तेथे जे पाहिले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व मनन त्यावर आधारलेले आहे. कॉफीच्या एकाच फांदीवर एकाच वेळी लाल, पिवळसर आणि हिरवी अशी फळे असतात. पिकलेले लाल फळ दोन बोटांत धरून अलगद पिरगळले की ते हाती येते. हिरवे फळ देठाला घट्ट धरून असते. मुठीत फांदी धरून वरून खाली ओरबाडली तर काम झटपट होते, पण मग लालाबरोबर हिरवेही येते, पाने जातात, आणि पुढच्या वर्षीचा बहर जेथे यायचा ती जागा दुखावते. ब्राझीलसारख्या देशात सपाट जमिनीवर यंत्रे ही तोडणी करतात. डोंगराच्या उतारावर, सावलीच्या बागेत, हाताशिवाय मार्ग नाही. म्हणून वेचणारे त्याच झाडाकडे दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा परत येतात.

पेलाभर कॉफीसाठी साठ-सत्तर बिया लागतात. एका फळात बहुधा दोन बिया असतात. म्हणजे गाझियाबादेतील आपल्या घरी सकाळी जो पेला आपण पाच मिनिटांत संपवतो, त्यासाठी कोणीतरी तीस-पस्तीस वेळा हात पुढे केलेला असतो, प्रत्येक फळासाठी वेगळा.

हिरव्या फळाचा धीर

मी वेचू लागलो तेव्हा शेजारच्या झाडाशी असलेल्या एका वयस्कर बाईंनी माझ्या हाताकडे पाहून वऱ्हाडी वळणाच्या मराठीत सांगितले, “हिरवं राहू द्या, भाऊ. थे पुढच्या खेपीचं हाय.”

त्या वाक्यात मला एक मोठा धर्मविचार सापडला. हिरवे फळ वाईट आहे, असे त्या म्हणाल्या नाहीत. ते टाकाऊ आहे, असेही नाही. ते पुढच्या खेपेचे आहे. म्हणजे खेप पुन्हा होणार आहे, वेचणारी पुन्हा येणार आहे, आणि त्या फळाची जागा तिच्या ध्यानात आहे.

एका फांदीवर सर्व फळे एकदम का पिकत नाहीत? त्याचे कारण पावसात आहे. कॉफीच्या कळ्या कोरड्या दिवसांत निद्रिस्त राहतात. मार्च-एप्रिलच्या सुमारास वळवाची सर आली की आठ-दहा दिवसांत पांढरी, सुवासिक फुले उमलतात. पाऊस टप्प्याटप्प्याने आला की बहरही टप्प्याटप्प्याने येतो, आणि मग आठ-नऊ महिन्यांनी पिकण्याची वेळही वेगवेगळी होते. फळाचा त्यात काही अपराध नाही. त्याच्यावर पाऊस उशिरा पडला, एवढेच.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला आहे. भूमीच्या मोलवान पिकासाठी तो धीराने थांबतो, पहिला आणि शेवटला पाऊस पडेपर्यंत वाट पाहतो. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी येतो आणि शेवटला मार्च-एप्रिलात कणसे भरण्यासाठी. जुन्या करारातील त्या शेवटल्या पावसासाठी मराठी भाषांतरकारांनी वळवाचा पाऊस असा शब्द योजला. आपला वळीव पावसाळ्याच्या आधी येतो आणि त्यांचा पावसाळ्याच्या शेवटी, त्यामुळे या शब्दाविषयी भाषांतरकारांत चर्चा होऊ शकते. पण कॉफीच्या बागेत उभे राहिल्यावर तो शब्द अगदी जागच्या जागी वाटतो. त्याच महिन्यांत, त्याच आतुरतेने, येथील शेतकरीही आकाशाकडे डोळे लावून असतो.

मंडळीत आपण पाहतो ना? एकाच घरातील दोन भावंडे. एकाला लहानपणीच प्रभूची गोडी लागते आणि दुसरा चाळिशीपर्यंत उपासनेला यायचे नाव काढीत नाही. आईवडील रात्रंदिवस प्रार्थना करतात आणि मनात झुरतात. काही वेळा उतावीळ होऊन आपण ओरबाडतो : धाक घालतो, टोमणे मारतो, लग्नाच्या निमित्ताने घाईघाईने बाप्तिस्मा उरकतो. हिरवे फळ तोडता येते, यात संशय नाही. परंतु तोडल्यावर त्याच्या बीमध्ये ती चव येत नाही, आणि ते परत फांदीला लावताही येत नाही.

तरी धीर म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आठवा. तीन वर्षे फळ आले नाही, म्हणून धनी झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षात आपण काय करणार हेही सांगतो. तो भोवती खणणार आहे आणि खत घालणार आहे. मूळ ग्रीक शब्द शेणखताचा आहे. म्हणजे माळ्याने केवळ रदबदली केली नाही, आपले हात मळवण्याची तयारी दाखवली. ज्याच्यासाठी आपण देवाजवळ आणखी एक वर्ष मागतो, त्याच्या मुळाशी आपण यंदा काय घातले, हा प्रश्न प्रत्येक प्रार्थना करणाऱ्याने स्वतःला विचारावा.

सरवा

शेवटच्या खेपेत बागेचे काम बदलते. आता झाडावर जे उरले असेल ते सर्व काढले जाते आणि जमिनीवर गळून पडलेली फळेही पाल्यातून शोधून वेचली जातात. याला एक व्यावहारिक कारण आहे. मागे राहिलेल्या फळांत बी पोखरणारी कीड वस्ती करते आणि पुढच्या हंगामात सगळ्या बागेवर पसरते. जेथे फवारणी करायची नाही, तेथे हा सरवा काळजीपूर्वक वेचणे हाच बागेचा बचाव असतो.

मोशेच्या नियमशास्त्रात सरव्याविषयीची आज्ञा वरवर पाहता याच्या उलट आहे. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, जैतून दुसऱ्यांदा झोडू नये, द्राक्षमळा पुन्हा धुंडाळू नये. ते उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावे. तेथे धन्याच्या हावेला आळा आहे. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे, ती ही की जे मागे राहिले ते वाया गेलेले नाही. कोणाचा तरी हात त्याच्यापर्यंत पोहोचायचा आहे. नियमशास्त्र ते गरिबाच्या हातासाठी राखते. आणि यशया सांगतो की माणसांच्या बाबतीत तो वेचणारा हात खुद्द परमेश्वराचा आहे.

आपल्या मराठी मंडळीला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने व निराधारपणाने रस्त्यावर आलेल्या शेकडो मुली व विधवांना त्यांनी केडगावला आणले. दुष्काळाच्या अहवालांत त्या मुली आकड्यांत मोडत होत्या. मुक्तिसदनात त्या शिकल्या, श्रम करू लागल्या, आणि पुढे रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या मराठी पवित्र शास्त्राच्या छपाईत मुक्तीतील स्त्रियांचे हात लागले. रमाबाई १९२२ साली प्रभूमध्ये निजल्या, आणि ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. जगाने गळून पडलेल्या म्हणून मोजल्या, त्यांच्याच हातांतून आपल्याला वचन मिळाले.

कामकऱ्याचा हात

वेचलेल्या फळाविषयी बोलताना वेचणाऱ्या हाताला विसरणे हा शास्त्राशी अन्याय होईल. पीक पुष्कळ असून कामकरी थोडे आहेत, असे प्रभू येशूने सांगितले, तेव्हा शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आला तो साध्या मजुराचा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात चौकात काम शोधीत उभे राहिलेल्या मजुरांसाठी तोच शब्द आहे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, या वचनात तोच आहे. आणि ज्यांची मजुरी धनवानांनी अडकवून ठेवली, ज्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला, त्यांच्यासाठी याकोबही तोच शब्द वापरतो. शुभवर्तमानाचा सेवक आणि शेतावरचा मजूर यांना नव्या कराराने एकाच नावाने हाक मारली आहे. आपण मात्र भाषांतरात नव्हे, तर व्यवहारात त्यांना वेगळे केले.

संध्याकाळी बागेत काटा लागला. प्रत्येकीने आपली ओटी रिकामी केली, वजन झाले, वहीत नाव लिहिले गेले. सुमारे पाच-सहा किलो फळांतून सुकलेली, सोललेली एक किलो बी मिळते, हे मनात आणले म्हणजे त्या ओझ्याची किंमत कळते. काट्याजवळ उभ्या असलेल्या प्रत्येक बाईची नजर त्या सुईवर खिळलेली होती. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, सरव्याच्या आज्ञेच्या अगदी जवळ, दुसरी आज्ञा आहे : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. हे शब्द कोणी लिहिले त्याने असा काटा आणि अशी नजर पाहिली असावी.

या कोरकू बांधवांची स्वतःची भाषा आहे. ती मराठीच्या कुळातील नसून मुंडा कुळातील आहे. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने तिचे व्याकरण लिहून १९०३ साली प्रसिद्ध केले. ज्या काळी सरकारदरबारी हे लोक जंगलाचा एक भाग समजले जात, त्या काळी कोणीतरी त्यांच्याजवळ बसून त्यांचा एकेक शब्द वेचला. भाषा वेचणे हीदेखील माणसाला एकेक करून मोजण्याचीच रीत आहे.

तेव्हा कॉफी पिणाऱ्या आपण काय करावे? प्रत्येकाला बागेत जाता येणार नाही. परंतु आपल्या घरी भांडी घासणारी बाई, इमारतीच्या दारावर रात्र जागणारा पहारेकरी, गाडी धुणारा मुलगा, यांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, न मागता, त्यांच्या हाती पडतो काय? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? जो देव एकेक करून वेचतो, तो एकेकाची मजुरीही मोजतो.

नोंदवहीतील नावे

आता माझ्या राहत्या ठिकाणची एक गोष्ट सांगतो. गाझियाबादेत मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. कोणी सरकारी नोकरीमुळे, कोणी कारखान्यामुळे, कोणी मुलांच्या मागोमाग येथे आले. आम्ही बहुतेक हिंदी भाषिक मंडळ्यांत उपासना करतो आणि सणावारी एकत्र जमून आपल्या भाषेत गातो. माझ्या परिचयाच्या अशा एका मंडळीत काही काळापूर्वी सभासदांच्या नोंदवहीचा प्रश्न निघाला. तेवीस नावे अशी होती की ती माणसे दोन-तीन वर्षे उपासनेत दिसली नव्हती. त्यांची वर्गणी नव्हती, निरोप नव्हता. नावे कमी करावीत, असा प्रस्ताव आला. तो दुष्ट हेतूने आलेला नव्हता. वही नीट असावी, एवढाच विचार होता.

त्या बैठकीत एक वृद्ध भगिनी होत्या, निवृत्त परिचारिका. त्या म्हणाल्या, “नावं कमी करायची तर करा, पण आधी मला यादी द्या.” पुढचे चार महिने त्या, कधी पाळकसाहेबांबरोबर, कधी एखाद्या तरुणाला सोबत घेऊन, रिक्षाने, मेट्रोने, क्वचित पायी, एकेक पत्ता शोधीत फिरल्या. वैशालीपासून साहिबाबादपर्यंत आणि हिंडन नदीच्या पलीकडेही.

परत आल्यावर त्यांनी जो वृत्तांत दिला, तो मी येथे जसाच्या तसा मांडतो, कारण त्यात फुगवलेले काही नाही. तेविसांपैकी दोघे मरण पावले होते, आणि मंडळीला ते कळलेच नव्हते. पाच कुटुंबप्रमुख गाव सोडून गेले होते. सहा जण जवळच्या दुसऱ्या मंडळीत नियमाने जात होते. चौघांनी, सौजन्याने वा रागाने, आपल्याला यायचे नाही असे सांगितले. उरलेले सहा. त्यांपैकी एकाला रविवारीच पहाऱ्याची पाळी असे. एक बाई पतीच्या पक्षाघातामुळे घराबाहेर पडू शकत नव्हती. एक तरुण नोकरी गेल्यापासून लोकांना तोंड दाखवायला लाजत होता. दुसऱ्या दोघी एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया होत्या. आणि एकाने दार उघडून एवढेच विचारले, “इतक्या दिवसांनी कशी आठवण झाली?”

मंडळीच्या वहीत ती सहा माणसे बाहेर पडलेल्यांत जमा होणार होती. वस्तुतः ती मागे राहून गेलेली होती. नियमशास्त्रातील विसरलेल्या पेंढीसारखी. पेंढी स्वतःहून शेतात मागे राहत नाही, कापणाऱ्याला तिचा विसर पडतो.

त्यांतील सर्व जण आज उपासनेत दिसतात असे मी म्हणणार नाही. पहारेकऱ्याची पाळी अजून रविवारीच आहे, म्हणून बुधवारी संध्याकाळी दोघेतिघे त्याच्या खोलीवर जाऊन वचन वाचतात. त्या पक्षाघात झालेल्या बांधवाच्या उशाशी प्रभुभोजन नेले जाते. तो तरुण आला, पुन्हा गेला. तो पुढच्या खेपेचा आहे. आणि ज्या चौघांनी नकार दिला त्यांची नावे त्या भगिनीने आपल्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवली आहेत. त्या दर शनिवारी ती वाचून प्रार्थना करतात.

प्रिय वाचकहो, आपण देशाच्या कोणत्याही भागात राहत असा, आपल्या मंडळीतही अशी वही आहे आणि अशी नावे आहेत. रोजगारासाठी माणसे आज पूर्वीपेक्षा अधिक विखुरतात. मेळघाटातील आदिवासी कुटुंबे कामाच्या शोधात डोंगर उतरून शहरांकडे जातात. अहिल्यानगरची, जालन्याची, नागपूरची आपली मुले पुणे, बंगळुरू, दिल्लीच्या परिसरात जातात. आपल्या काळातील फरात नदी आणि मिसरचा ओढा हेच आहेत.

यशयाच्या त्या दोन वचनांत कर्णा आहे आणि बोटेही आहेत. आपण कर्ण्याची बाजू चांगली सांभाळली. आपल्या सभा मोठ्या होतात, मंडप भरतात, ध्वनिक्षेपक दूरपर्यंत ऐकू जातो. त्यासाठी देवाचे उपकार मानू. परंतु वचनात वेचणी आधी आहे आणि कर्णा नंतर. ज्याला कोणी एकदा तरी हाताने उचलले आहे, त्यालाच कर्ण्याचा नाद आपल्यासाठी आहे असे वाटते. एरवी तो लांबचा आवाज राहतो.

प्रभू येशूने हेच केले. भोवती गर्दी रेटत असताना त्याने झाडावरच्या जक्कयाला नावाने हाक मारली. वस्त्राच्या काठाला शिवलेल्या स्त्रीसाठी तो थांबला. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट त्यानेच सांगितली. आणि शेवटी वधस्तंभावर, साऱ्या जगाचे पाप वाहत असताना, शेजारच्या एका अपराध्याला त्याने वेचून घेतले. त्या माणसाला पिकायला शेवटली घटका लागली. तरी खेप चुकली नाही.

म्हणून येत्या आठवड्यात एक काम करा. आपल्या मंडळीतील, नात्यातील वा पूर्वीच्या शेजारातील असे एक नाव आठवा, जे बऱ्याच दिवसांत कोणी उच्चारले नाही. दहा नावे नकोत, एकच. त्याचा पत्ता शोधा आणि जा. फळ हिरवे असले तर ओरबाडू नका. परत जाण्याचा दिवस ठरवून या.

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांला एकेक करून शोधलेस. आम्ही घाईने तोडतो, तू धीराने थांबतोस. आम्ही विसरतो, तू परत येतोस. ज्यांच्या हातांनी आमचे अन्न आणि आमचे पेय आमच्यापर्यंत पोहोचते, त्यांना न्याय मिळो, आणि तो आमच्या हातून मिळो. आमच्या वह्यांतील नावे तुझ्या दृष्टीने वाचायला आम्हांला शिकव. वाकायला लाजणार नाहीत असे कामकरी तुझ्या पिकात पाठव, आणि त्यांत आम्हांलाही घे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.